चौथ्या मजल्यावरचा शोक

“पुन्हा रड,” इरज म्हणाला. “पण हळू.”

“आई मेल्यावर हळू कोण रडतं?” सीमीन वैतागली.

तिचं बरोबर होतं. पण तेहरानमधल्या त्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या आणि इरजला सिनेमा काढायला सरकारची बंदी होती. अकरा वर्षं तो स्वतःच्याच घरात, पडदे ओढून, चोरून सिनेमे काढत होता. त्यापायी सात महिने तुरुंगात गेले. बायको कंटाळून मुलीकडे शिराझला गेली, ती तिकडेच राहिली. आता साठी उलटली होती. हा शेवटचा, मग पुरे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्यात आई गेल्यावर घर माणसांनी भरून जातं, असा प्रसंग होता. माणसं बोलवायची सोय नव्हती. नटी म्हणून एकटी सीमीन.

“बरं, रड हवी तशी,” तो थकून म्हणाला आणि पुस्तकांच्या फटीत लावलेला फोन त्याने चालू केला.

सीमीनने हंबरडा फोडला. दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या बद्रीखानम होत्या. “कोण गेलं हो, इरज आगा?”

“मावशी,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “यज्दला. ही तिची मुलगी.”

“अगं माझी बाई!” त्यांनी आत येऊन सीमीनला छातीशी धरलं. मग खिडकीचे पडदे सर्रकन बाजूला केले. “दुःखाच्या घरात अंधार कशाला?” म्हणाल्या आणि खाली गेल्या.

अर्ध्या तासात घर भरलं. कुणी खजूर आणले, कुणी हलवा, कुणी खुर्च्या. बायका सीमीनभोवती बसल्या. शेवटी तळमजल्यावरचे मुख्तारी आले. त्यांचा जावई पोलिसात. त्यांना चुकवायला इरज जिन्यात पावलं वाजू द्यायचा नाही. म्हातारा आला, पुस्तकांकडे पाठ करून बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्याची बायको गेल्याच हिवाळ्यात वारली होती.

फोन चालूच होता. उठून बंद करावा असं इरजला वाटलं. तो उठला नाही. असा प्रसंग त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो त्याने या भल्या माणसांकडून चोरला होता.

सगळे गेल्यावर बद्रीखानम एकट्या चहाचे पेले विसळत राहिल्या. इरजला राहवेना.

“बद्रीखानम, मला माफ करा. मावशी वगैरे कुणी...”

“ते राहू द्या हो,” त्या हात पुसत म्हणाल्या. “मुख्तारी विचारत होते, ‘त्या पुस्तकांमधल्या फोनमध्ये माझी नुसती पाठच आली असेल, तर पुन्हा येऊन रडू का?’”