बिनमिठाचा भात

मामांनी पिशवीतून पोटाच्या औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. आधीच्या दोन बाटल्या तिथेच होत्या. एक शेजारच्या काकूंनी आणलेली, दुसरी कुणाची ते आईलाही आठवत नव्हतं.

"उपाशीपोटी दोन चमचे," मामा धाकट्याला म्हणाले. "आणि बाहेरचं खाणं बंद. तुझ्या वयात आम्ही दगड पचवायचो!"

धाकट्याने मान डोलावली. गेल्या आठवड्यात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता आणि दवाखान्यातून तो कसाबसा परत आला होता. घरातल्या तिघांनाच हे ठाऊक. बाकी जगासाठी त्याचं पोट बिघडलं होतं. आई ही थाप इतक्या इमानेइतबारे सांभाळत होती, की रोज त्याच्यापुढे बिनमिठाचा आसट भात वाढत होती. कुणी बघायला असो वा नसो.

ताई ड्यूटीवरून आली ती तडक स्वयंपाकघरात गेली. ती बसवर कंडक्टर. चहा टाकावा म्हणून तिने साखरेचा डबा ओढला, तर डब्यामागे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. पाकिटातली एकही फोडलेली नव्हती.

"आई, हे काय?"

"हळू बोल," आई कुजबुजली. "काकूंचा मुलगा औषधाच्या दुकानात आहे. पाकीट बघून लगेच ओळखेल. लोकांची ये-जा थांबली की देणारच होते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर काय म्हणाले होते? गोळी चुकवू नका, एकटं सोडू नका, त्याच्याशी मोकळेपणी बोला. आणि तू भात शिजवत बसलीस?"

"उद्या त्याचं लग्न व्हायचंय गं."

"आधी तो जिवंत राहू दे ना!"

गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज तो. बाहेरच्या खोलीत मामांचं बोलणं थांबलं. ताई गोळ्या मुठीत घेऊन बाहेर आली आणि धाकट्यासमोर उकिडवी बसली.

"सांगू यांना?"

त्याने तिन्ही बाटल्यांकडे पाहिलं. "सांग. मला कंटाळा आला."

"मामा, याचं पोट ठणठणीत आहे. याला जगायचं नव्हतं."

मामांचा चेहरा उतरला. "असलं बोलू नये घरात. पोराच्या डोक्यात भलतंसलतं येतं."

"ते आधीच आलं होतं मामा. तेव्हा आपल्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही." तिचा आवाज रागाने थरथरत होता, आणि त्या रागातून तिने स्वतःलाही वगळलं नव्हतं. मग ती भावाकडे वळली. "अजून मरावंसं वाटतं तुला?"

आईने तोंडावर पदर धरला.

"सकाळी वाटतं," धाकटा म्हणाला. "मग कुणीतरी येतं आणि पोट कसंय विचारतं."

"आज?"

"आजही वाटलं."

ताईने तिथेच डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या दिल्याच नाहीत हे सांगितलं, आज सकाळचंही सांगितलं. एक शब्द गिळला नाही. "लगेच या म्हणाले," ती फोन ठेवत म्हणाली. "मी आहे तुझ्याबरोबर. तिथेही आणि नंतरही."

मामा उठले. तिन्ही बाटल्या उचलून त्यांनी पिशवीत टाकल्या. "गाडी काढतो," एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

आईला काय करावं सुचेना. सवयीने तिने ताट आणून धाकट्यापुढे ठेवलं. त्याने एक घास घेतला, चावला, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"आई, मीठ दे गं."

आईने मिठाची अख्खी बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारपाजार ऐकेल इतक्या मोठ्याने रडू लागली.