गंभीर दुखापत

“पाय गार पडलेत याचे,” म्हणत बाईंनी तेलाचा हात पुन्हा तळव्यावरून फिरवला. खाटेवरचा तरुण हलला नाही. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, आणि छाती वरखाली होत होती ती यंत्राच्या मेहेरबानीने.

वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत. भेटीची वेळ झाली की त्या हजर, आणि हाकलल्याशिवाय हलायच्या नाहीत. दुसरं कुणी कधी आलं नाही. अशी माया मिळायला नशीब लागतं, असं नर्स येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. एकदा तिने विचारलं, एकुलता एक का?

“हो, एकच आहे,” म्हणताना मावशींचे डोळे भरून आले.

दुपारी जबाब घ्यायला हवालदार आला. बेशुद्ध माणसाचा जबाब काय घेणार, डोंबल? तो स्टुलावर टेकला. मावशींनी त्याला चहा आणून दिला आणि गुन्हा कुठला लावलाय ते विचारलं.

“सध्या गंभीर दुखापत. भांडणात डोक्यात रॉड घातलाय ना. हा गेला तर खून.”

“मारणारा तोच, मार तोच. मग गुन्हा कसा बदलतो?”

“कायदाच तसा आहे, मावशी. आमच्या महिन्याच्या तक्त्यात दुखापतीतला एक कमी करायचा आणि खुनात एक वाढवायचा.” चहा फुंकत त्याने धीर दिला, “मग तो जन्मात बाहेर येत नाही, बघा.”

मावशींना धीर आला नाही. त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मेंदू साथ देत नव्हता. उद्या दुपारी मोठे डॉक्टर तपासतील, आणि सुधारणा नसेल तर यंत्र काढावं लागेल. मावशींनी हात जोडले, पदर पसरला. पण डॉक्टरांच्याही हातात काही नव्हतं.

खाटेशी परत येऊन त्यांनी त्या तरुणाचे पाय छातीशी धरले. “जाऊ नकोस रे बाळा,” त्या कितीतरी वेळ म्हणत राहिल्या. नर्सला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत उभ्या होत्या. नंबर लागला. ज्याने रॉड घातला होता तो जाळीपलीकडे येऊन बसला. त्याला मान वर करवेना.

“आई,” तो म्हणाला, “श्वास चालू आहे ना त्याचा?”