पंगतीतला पुरावा

मेहुण्याच्या लग्नाला मारोतराव आलेच नव्हते, असं मैनाबाई तीस वर्षं चारचौघांत ऐकवत आल्या होत्या. "आलतो! पंगतीत बुंदी वाढली म्या!" असं मारोतरावही तेवढीच वर्षं ओरडत होते. शेवटी लग्नाची कॅसेट आणि बायको, दोघींना घेऊन ते पुसदला नयनच्या दुकानात आले. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवणं हा नयनचा धंदा.

संगणकावर पंगत दिसली. बुंदीची बादली घेऊन खरंच मारोतराव आले!

"पाह्य! मंग हा कोन हाय?" मारोतरावांनी मांडीवर थाप मारली.

"आलते बाप्पा तुमी. हरली मी."

पडद्यावरच्या मारोतरावांचे केस पांढरे होते आणि अंगात आजचाच निळा सदरा होता. नयनला ते खटकलं. पण जिंकलेल्या माणसाला सदऱ्याबद्दल कोण विचारणार?

तेवढ्यात पडद्यावरचे मारोतराव थांबले. "पाणीवाला कुठी गेला बे?"

अख्ख्या पंगतीनं मान वर करून नयनकडे पाहिलं.

"हा काय, इथं बसून राह्यला," शेजारच्या खुर्चीतले मारोतराव खुशीत म्हणाले. "ऊठ लेका, पाहुणे तहानले."

नयन निमूट उठला. पाण्याचा जग त्याच्या हातात होताच, काठोकाठ भरलेला.