दोन खोकले

“ही ताटली बघा आणि सांगा, लगदा झालाय का?” मॅनेजर म्हणाला.

कागद कारखान्यातल्या ब्लीचिंगच्या हौदाच्या उस्तादाने ताटली दोन्ही हातांनी घेतली, नाकापासून वीतभर लांब धरली आणि तो अत्यंत गंभीरपणे बघू लागला. दिसत काहीच नव्हतं. बावीस वर्षं हौदावर वाकून गव्हाच्या काडाचा लगदा पांढरा करता करता त्याच्या डोळ्यांतलं काळंही पांढरं झालं होतं.

मागे त्याचा मेहुणा वल्ह्याने हौद ढवळत होता. तो एकदा खोकला.

“अजून पिवळा आहे,” उस्ताद म्हणाला. “आणखी पाटीभर पावडर लागेल. वर तासभर ढवळायचं.”

मॅनेजरने हातातल्या चिठ्ठीत बघितलं. उत्तर बरोबर होतं. त्याचा चेहरा पडला.

एक खोकला म्हणजे पिवळा, दोन म्हणजे झाला. उस्तादाच्या बायकोने नवऱ्याला आणि भावाला समोर बसवून हे ठरवून दिलं होतं. त्या खोलीत क्लोरीनच्या वासाने पालसुद्धा खोकेल, त्यामुळे कोणाला शंका येत नसे. अडचण एकच होती. मेहुण्याला स्वतःसाठी खोकायची सोय राहिली नव्हती. खरा खोकला आला की तो तोंडात ओला रुमाल कोंबायचा, वल्ह्याच्या दांड्यावर कपाळ टेकायचा आणि गिळून टाकायचा. पाच वर्षं गिळत होता.

मॅनेजरला संशय आला तो वेगळ्याच कारणाने. सोमवारी उस्तादाने खुंटीवर टांगलेल्या कोटाला “या साहेब, बसा” म्हटलं होतं. कोट मॅनेजरचाच होता, तेव्हा मान राखला गेला असंही म्हणता आलं असतं. पण मॅनेजर त्या वेळी दारात उभा होता.

“एकात पास झालात म्हणून हुरळून जाऊ नका,” तो आता म्हणाला. “अजून दोन ताटल्या आहेत. एकही चुकली तर आजपासून घरी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे माझ्या कारखान्यात चालायचं नाही.”

कुत्रं म्हणजे आपण, हे मेहुण्याच्या लक्षात आलं. पीठ कुठलं, ते मात्र बराच वेळ शोधूनही सापडेना.

“आणि तू रे, दात विचकू नकोस,” मॅनेजर त्याच्याकडे वळला. “हे गेले तर ते स्टूल तुझं. तुला दिसतं ना?”

“दिसतं, साहेब.”

खोलीत स्टूल एकच होतं, खिडकीखाली. त्यावर उस्तादाने बसायचं आणि बाकीच्यांनी उभं राहायचं. मेहुण्याने स्टूलकडे बघितलं. मग दाजींकडे बघितलं. मग परत स्टूलकडे बघितलं.

मॅनेजरने दुसरी ताटली पुढे केली.

मेहुणा दोनदा खोकला.

उस्तादाने लगदा चिमटीत घेऊन चोळला. बोटांना काडीची गाठ लागली. नाकाशी नेला, तर काड शिजवायच्या भट्टीतल्या सोड्याचा वास आला. त्याने मान हौदाच्या दिशेला वळवली.

“काय झालं, उस्ताद?”

“काही नाही, साहेब. हाताला जरा... वेगळा लागतोय.”

मागून पुन्हा दोन खोकले आले. सुटे, स्वच्छ, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

उस्तादाने बोटं धोतराला पुसली. बोटांचं काय, ती म्हातारी झाली होती. मेहुणा घरचा होता.

“झाला,” तो म्हणाला. “बगळ्यासारखा पांढरा.”

ताटलीत सकाळीच भट्टीतून काढलेला लगदा होता. त्याला पावडरचा कणही लागला नव्हता. त्याचा रंग उस्तादाने कमरेला गुंडाळलेल्या पोत्यासारखा होता. मॅनेजरने ताटली पोत्याला लावून बघितली आणि तो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिसरी ताटली रिकामीच होती. ती दाखवायची वेळ आली नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

“निघा,” तो डोळे पुसत म्हणाला.

उस्तादाने कमरेचं पोतं सोडलं, घडी केली आणि चाचपत स्टूलवर ठेवलं. जाताना तो हौदापाशी थांबला.

“दाजी,” मेहुणा म्हणाला.

“बोलू नकोस, घसा सोलवटेल,” उस्ताद हळूच म्हणाला. “खराच आला ना रे, दुसऱ्या ताटलीला?”

मेहुण्याने वल्हं घट्ट धरलं. “हो, दाजी.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“चालायचंच. गॅसपुढे कोणाचं चालतं? तुझ्या ताईला मी समजावतो. तुला बोल लावू देणार नाही.”

आणि भिंतीला हात लावत तो बाहेर गेला.

मॅनेजरने मेहुण्याला स्टूल दाखवलं. मेहुणा घडी केलेल्या पोत्यावर बसला. हवा यावी म्हणून त्याने खिडकीची कडी ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. खिडकी चौकटीत गंजून एकजीव झाली होती. कधी उघडली असेल असं वाटत नव्हतं.

“आता हौदाकडे बघ आणि सांग,” मॅनेजर म्हणाला. “झालाय का?”

मेहुणा हौदावर वाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाठोपाठ पाच वर्षांचा खोकला आला.

बाहेर, भिंतीच्या टोकाशी उस्ताद थबकला. कान देऊन तो मोजू लागला. एक. दोन. त्याने समाधानाने मान हलवली आणि पाऊल उचललं.

तीन. चार. पाच.

पाऊल तसंच अधांतरी राहिलं. दोनच्या पुढचं घरी काही ठरलं नव्हतं.