नीरजाताईंची राखण

घरटं रिकामं होतं.

नीरजाताईंनी पुन्हा वाकून पाहिलं. करवंदाच्या जाळीतली ती चहाच्या कपाएवढी वाटी जागच्या जागी होती. आतली नाचण पक्ष्याची तीन पिल्लं तेवढी नव्हती. काल सकाळी सातला तिन्ही चोची वासून बसली होती. आज त्यांचे आईबाप समोरच्या फांदीवर नुसते ओरडत होते. ताईंना भडभडून आलं. सोळा दिवस त्या रोज कल्याणहून रिक्षाने मोहन्याच्या पुढे, या नदीकाठी येत होत्या, ते काय यासाठी?

मग त्यांना बंधाऱ्यावर लॉईड दिसला. हातभर लेन्सचा कॅमेरा घेऊन उभा. झालं! दुसरं कोण असणार?

पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन त्याच. नियमही त्यांचेच. विणीच्या दिवसांत घरट्यापाशी जायचं नाही, फोटो काढायचा नाही, जागा कुणाला सांगायची नाही. गेल्या वर्षी लॉईडने घरट्याचा फोटो टाकला, तेव्हा ताईंनी त्याला सगळ्यांदेखत झापून बाहेर काढलं होतं. स्वतः त्या रोज यायच्या, पण ते राखण करायला. राखणीची गोष्ट वेगळी, नाही का! या घरट्याबद्दल त्यांनी घरीसुद्धा अवाक्षर काढलं नव्हतं. शंभर पावलांवर बोरीच्या झाडावर दुसरं घरटं होतं, तेही फक्त त्यांनाच माहीत.

"लाज नाही वाटत?" धापा टाकतच त्या बंधाऱ्यावर चढल्या. "तीन जीव गेले, लॉईड. एका फोटोपायी!"

लॉईडचा चेहरा पडला. "पिल्लं गेली? अरे देवा." त्याने कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाला, "मॅडम, मी तिकडे पायपण नाही ठेवला. इथे बगळ्यांसाठी आलेलो. तुम्ही रोज त्या जाळीपाशी थांबता, म्हणजे तिथे काहीतरी आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलेलं. तरी नाही गेलो. तुम्हीच शिकवलेलं ना?"

"मग कोण गेलं?"

त्याने कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. सोमवार. बुधवार. काल. बगळ्यांच्या मागे दरवेळी लांबवर त्याच, जाळीत वाकलेल्या. आणि दरवेळी त्यांच्या डोक्यावर, सुक्या फांदीवर एक कावळा. डाव्या पंखातलं एक पीस नसलेला.

ताईंनी वळून पाहिलं. ऑगस्टचं गवत कमरेएवढं माजलं होतं. त्यातून एकच वाट गेली होती, सरळ जाळीपर्यंत. त्यांच्याच बुटांनी पडलेली.

त्या खाली उतरल्या. बोरीवरच्या घरट्यातली दोन पिल्लं तरी नीट असतील ना? एकदाच बघू, लांबूनच, आणि मग परत पाऊल टाकायचं नाही. पावलं आपोआप तिकडे वळली. दहा-बारा पावलं गेल्या असतील, तोच वर पंख फडफडले. त्या जागच्या जागी थांबल्या.

पुढच्या फांदीवर कावळा येऊन बसला होता. डाव्या पंखात एक पीस नव्हतं. मान तिरकी करून, ताई आता कुठे थांबतात, ते तो बघत होता.