दोघांची मालिका

साडेसात वाजले तरी 'नानांची खानावळ' लागली नाही. पडद्यावर एवढंच आलं, 'ही मालिका बंद करण्यात आली आहे.'

कुंदाताईंनी तडक तक्रार केंद्राला फोन लावला. "अहो, नानांचा नि त्यांच्या मुलाचा अबोला अजून सुटायचाय! अशी मध्येच कशी बंद करता?"

पलीकडच्या मुलीने माहिती काढली. "काकू, टीव्ही समोरच्यांचे चेहरे वाचून घरोघरी वेगळी मालिका रचतो ना? ही फक्त तुमच्या दोघांसाठी होती. तुम्ही रमायचात. पण काका दीड महिन्यात एकदाही हसले नाहीत. ते कंटाळले असं धरून टीव्हीनेच ती बंद केली."

कुंदाताईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तेरावं झाल्यापासून त्या रोज साडेसातला भिंतीवरचा फोटो काढून तिथे ठेवत होत्या. टीव्हीला ओळख पटावी म्हणून त्याचा चंदनाचा हार तेवढा काढून ठेवायच्या.

"कंटाळले नव्हते हो ते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मग त्यांनी फोटो पदराने पुसला, त्याला हार घातला आणि तो भिंतीवर टांगला.