काचेला न कळलेली बोटं

संगणकावर गाणी मिसळायला यंत्र हवं म्हणून लवाझी उमलाझी वस्तीतल्या मूसाच्या दुकानात आला. मूसाने टॅबलेट पुढे केला.

"हाच घे भावा. बटणांचं लचांड नाही. नुसतं बोट फिरवलं की आवाज वर-खाली."

लवाझीने बोट फिरवलं. पडद्यावरची पट्टी हललीच नाही.

"बोटं पुसून फिरव की! तेलकट वडे हाणून आलास काय?" मूसा हसला. मग त्याला ती बोटं दिसली. टोकं मेणासारखी गुळगुळीत होती.

"कशानं भाजली रे?"

"चर्चचा स्पीकर चोरीला गेला होता ना? लोकांनी मला चोर ठरवलं. आईनं ओळखू नये इतकं तोंड सुजेपर्यंत मारलं आणि दोन्ही हात पेटत्या शेगडीवर दाबले. स्पीकर नंतर पाद्र्याच्या भाच्याकडे निघाला."

मूसाच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

लवाझीने फळीवरचं खऱ्या बटणांचं यंत्र ओढून घेतलं आणि डाव्या हाताने एकेक बटण फिरवून पाहिलं.

"हे बांधून दे. डाव्या हाताला अजून थोडं कळतं. तो हात धरणारा माझ्या किंकाळ्या ऐकून पळाला होता. उजवा तू धरला होतास."